‘प्रीऑक्युपाइड’चं कार्ड

भोपाळमध्ये टी. टी. नगरच्या मार्केटात माझं दुकान आहे आणि त्यात विकण्यासारखं काहीही नाही, असं समोरचा स्वेटरवाला वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलाय. ‘‘मैडम इधर का लिखा उधर लिखती हैं,’’ अशी तो माझी ओळख करून देतो. पाटीवर तीन भाषांची नावं घालून ‘अनुवाद केंद्र’ असं मी मोठ्या दिमाखात रंगवून घेतलंय खरं, पण त्याच्याहून नेमकं वर्णन मलाही अजून जमलेलं नाही. आता साठी उलटली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मुलगी म्हणते, आई, पुरे कर. मी म्हणते, पुरे करून काय करू, तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपमधल्या चुका काढत बसू? मग ती विषय बदलते.

माहेर उज्जैनचं, सासर ग्वाल्हेरचं, आणि संसार मांडला तो तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात. घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि नवऱ्याच्या ऑफिसातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर इंग्रजी. तिन्ही भाषांत मला सारखंच भांडता येतं, आणि या धंद्याला तेवढं भांडवल पुरतं. मार्कशीट, जन्मदाखले, मृत्युपत्रं, वकिलांच्या नोटिसा, डॉक्टरांचे रिपोर्ट, असं जे जे लोकांना समजत नाही ते माझ्याकडे येतं. मी ते समजेल अशा भाषेत लिहिते, खाली शिक्का मारते, सही करते. मोबाइल आता हे फुकटात करतो म्हणे. करू दे. चुकलं तर मोबाइलला जाब विचारायला कोण जाणार? माझ्याकडे निदान येता तरी येतं. आणि लोक आलेत, तेच सांगायचंय.

पण आधी गिऱ्हाइकांबद्दल. एकदा एक गृहस्थ बायकोच्या वकिलाची नोटीस घेऊन आले. हिंदीत करून हवी होती, त्यांच्या आईला वाचून दाखवायला. जाता जाता हळूच म्हणाले, ‘‘मैडम, थोड़ा नरम करके लिखिए.’’ मी म्हटलं, नरम व्हायचं ते तुम्ही घरी व्हा, कागद आहे तसाच येईल. दुसरे एक बाबाजी परदेशी निघाले होते. व्हिसाच्या फॉर्मवर व्यवसाय काय लिहायचा, तर म्हणाले, ‘मोक्षमार्गदर्शक’. मी सरळ ‘धर्मशिक्षक’ अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं. बाबाजी भडकले, शाप द्यायच्या बेतात होते. महिन्याभराने व्हिसा हातात पडल्यावर तेच बर्फीचा डबा घेऊन आले. बर्फी चांगली होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अनुवादकाचा खरा माल म्हणजे त्याची कार्डं. बुटांच्या खोक्यात मी ती लावून ठेवली आहेत. एका कार्डावर एक इंग्रजी शब्द आणि खाली त्याचा हिंदी, मराठी प्रतिशब्द. एकदा ठरला की ठरला. कोर्टाच्या कागदात पहिल्या पानावर ‘किरायेदार’ लिहिलं आणि तिसऱ्या पानावर त्याच माणसाला ‘निवासी’ म्हटलं, की समोरचा वकील लगेच विचारतो, हे दोघं वेगळे का? म्हणून एका शब्दाला एकच प्रतिशब्द, हा माझा नियम. शकीलभाई माझे टायपिस्ट, जहांगीराबादचे, पंचवीसेक वर्षं माझ्याबरोबर आहेत. त्यांनी ही सगळी कार्डं आता कॉम्प्युटरमध्ये चढवली आहेत. शब्द आला की प्रतिशब्द समोर हजर. या कार्डांचा मला फार अभिमान होता. माझ्या अनुवादात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत म्हणत असे. हो, म्हणत असे, खोटं कशाला बोलू?

त्यातलंच एक कार्ड ‘प्रीऑक्युपाइड’चं. ते मी कधी केलं तेही आठवतं. तुलसी नगरातल्या एका शेजाऱ्यांच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा मारला होता की ही वर्गात पुष्कळदा प्रीऑक्युपाइड असते. आजीला कळावं म्हणून मी लिहून दिलं, ‘बेध्यान रहती है’, म्हणजे हिचं लक्षच नसतं. आजीने नातीला धारेवर धरलं, ते आमच्या भिंतीतून ऐकू आलं. मी मात्र कार्ड करून खोक्यात टाकलं आणि विसरले. शाळेचे शेरे असोत की डॉक्टरांचे, पुढे तो शब्द जिथे आला तिथे ‘बेध्यान’ बसत गेला. कुणी तक्रार केली नाही. कोण करणार? ज्यांना इंग्रजी कळत नाही तेच तर माझ्याकडे येतात.

तर, दिनकर आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत बारा पानं होती. चाळिशीचा माणूस, वडील अमरावतीकडून कामासाठी आलेले, हा जन्मला-वाढला भोपाळातच. सोनागिरीत भाड्याने राहायचा आणि एका खासगी कारखान्यात ओव्हरहेड क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली रुळांवर धावणारी ती क्रेन असते ना, तिच्या केबिनमध्ये वर बसून. एकोणीस वर्षं नोकरी. आता सस्पेंड होता. ‘‘ताई, चौकशी लागलीये माझ्यावर,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं इंग्लिशमध्ये आहे. काय लिहून राहिलेत ते मला समजलं पाहिजे, मग मी जवाब देईन.’’

प्रकरण असं होतं. क्रेनला एक मोठी टाकी टांगलेली होती. खालून फोरमनने ती उतरवायची खूण केली. दिनकरने उतरवली नाही. फोरमनने पुन्हा खूण केली, तरी नाही. आणि एकाएकी टाकी आपोआप हातभर घसरून खाली आदळली. माणूस कोणी खाली सापडला नाही, पण टाकी चेपली. कंपनीचं म्हणणं, ऑपरेटरने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं. फोरमनच्या जबानीत एक वाक्य होतं, की ऑपरेटर त्या वेळी प्रीऑक्युपाइड दिसत होता आणि त्याने माझी खूण पाहिली नाही. मी बारा पानं एका दुपारी उरकली. त्या वाक्यापाशी एक क्षणही थांबले नाही. शकीलभाईंनी टाइप केलं, ‘बेध्यान दिखाई दे रहा था’. मी सही केली आणि शिक्का मारला.

आठवड्याने दिनकर बायकोला घेऊन परत आला. सुनंदा तिचं नाव, बोलायला फटकळ, पण त्या दिवशी गप्प होती. दिनकरने हिंदीत हाताने लिहिलेला जवाब माझ्यासमोर ठेवला. मूळ प्रत त्याने कारखान्यात देऊन पोच घेतली होती. चौकशी अधिकारी बाहेरचे, त्यांना हिंदी वाचायचा सराव नाही, म्हणून दोन दिवसांनी सुनावणीला इंग्रजी प्रत हवी होती. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. ‘महोदय, यह सही है कि मैं उस समय बेध्यान था. मुझसे गलती हुई. आगे से ऐसा नहीं होगा. माफ़ी चाहता हूँ.’

इंग्रजी करायला शकीलभाईंची बोटं तयारच होती. मी ‘बेध्यान’साठी साधा, ढळढळीत शब्द सांगणार होते, निष्काळजी आणि गाफील या दोन्हींच्या मधला. सवयीने मूळ कागद शेजारी ठेवला होता, जुळवून पाहायला. मूळ कागदात तो शब्द नव्हताच. तिथे प्रीऑक्युपाइड होतं. मी शकीलभाईंना हात करून थांबवलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सांगते. बसमध्ये चढल्यावर एक सीट नुसती रिकामी असते आणि एका सीटवर कुणीतरी रुमाल टाकून ठेवलेला असतो. दोन्ही सीटवर माणूस दिसत नाही, पण रुमालवाल्या सीटवर तुम्ही बसून बघा, लगेच भांडण होतं. बेध्यान माणसाचं मन म्हणजे ती रिकामी सीट. आणि प्रीऑक्युपाइड माणसाच्या मनावर आधीच कुणीतरी रुमाल टाकलेला असतो. काळजीने, दुखण्याने, एखाद्या गणिताने, कशानेही. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, हाक मारली तर दोघंही ओ देत नाहीत. पण पहिल्याला ‘लक्ष दे’ म्हणून दटावून चालतं. दुसऱ्याला विचारावं लागतं, बाबा रे, लक्ष कशात आहे? इंग्रजीत हे विशेषण वापरलं की पाठोपाठ ‘कशाने’ ते बहुधा येतंच. आलं नाही, तर विचारायचं राहून गेलंय असं समजावं. हे सगळं मला ठाऊक होतं, त्याचाच तर राग येतो! कॉलेजच्या पोरींना मी हेच शिकवलं असतं. आणि कार्डावर मात्र वर्षानुवर्षं भलतंच लिहून बसले होते.

‘‘दिनकरभाऊ,’’ मी विचारलं, ‘‘तुम्ही बेध्यान होतात?’’

‘‘तुमच्या कागदात तसंच लिहिलं होतं ना ताई,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, फोरमन साहेबांना खालून तसंच दिसलं असेल. मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं? माफी मागून टाकली, म्हटलं सोडून देतील.’’

‘‘पण होतात का?’’

‘‘नाही,’’ सुनंदाच फाडकन बोलली. ‘‘घरी बसले तरी यांचं तेच चालतं. हॉइस्टच्या ब्रेकचा आवाज येत होता म्हणे. जेवताना सुद्धा तोंडाने काढून दाखवतात. खर्र, खर्र.’’

मग सगळं बाहेर आलं. हॉइस्ट म्हणजे क्रेनचा वजन उचलणारा भाग, आणि क्रेनवाल्यांची एक पद्धत असते. जड वजन उचलताना आधी जमिनीपासून वीतभर वर घ्यायचं आणि थांबायचं. ब्रेक वजन धरतोय की नाही ते बघायचं, मगच पुढे जायचं. त्या दिवशी ब्रेकने धरलं होतं, पण आवाज वेगळा आला. टाकी नेऊन ठेवायच्या जागेच्या हातभर वर आणली, तोवर तो आवाज वाढला होता. दिनकर मान वळवून दोर गुंडाळायच्या ड्रमकडे बघत होता आणि कान देऊन ऐकत होता. खाली बघतच नव्हता, खूण कशी दिसणार? त्याआधी तीन वेळा त्याने शिफ्टच्या वहीत लिहिलं होतं, ब्रेक से आवाज़. ‘‘हे जवाबात का नाही लिहिलं?’’ मी ओरडलेच. तो म्हणाला, ‘‘कुणी विचारलंच नाही, ताई.’’

त्यांना मी बाहेर चहा घ्यायला पाठवलं. शकीलभाईंनी खुर्ची वळवली. माणूस शहाणा आहे, लगेच ओळखलं. ‘‘मैडम,’’ ते म्हणाले, ‘‘आसान है. जवाब की अंग्रेज़ी में वही फोरमन वाला लफ़्ज़ वापस डाल दीजिए. दोनों काग़ज़ मिल जाएँगे. किसी को क्या पता चलेगा?’’

खरंच कुणाला कळलं नसतं. इंग्रजी वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच शब्द दिसला असता, हिंदी वाचणाऱ्यालाही एकच. मधे मी काय घातलं ते कुणी तपासलं नसतं. माझी लाज राहिली असती. पण खालची माफी तशीच राहिली असती, ‘गलती हुई’ तसंच राहिलं असतं, आणि बेपर्वाईचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या क्रेन ऑपरेटरला दुसरा कुठला कारखाना दारात उभं करत नाही. मी लगेच ‘नाही’ म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण बाहेर त्यांचा चहा संपेपर्यंत मी तो शब्द घालावा की नाही याचाच हिशोब करत होते. मग म्हटलं, ‘‘शकीलभाई, एक शपथपत्र टाइप करा. माझ्या नावाचं.’’

ते बिचारे नुसते बघत राहिले. ‘‘आपके नाम का?’’

‘‘चूक माझ्या नावाची आहे, तर कागद कुणाच्या नावाचा करू?’’

दोन दिवसांनी मी चौकशीला हजर. गोविंदपुऱ्यात कारखान्याच्या ऑफिसात लांब टेबल, एका बाजूला कंपनीचे दोघं आणि तो फोरमन, एका बाजूला दिनकर, आणि मधे चौकशी अधिकारी. दुसऱ्या राज्यातून आलेले वयस्क वकील, बोलायला सावकाश. त्यांनी शपथपत्र दोनदा वाचलं. मग इंग्रजीत मला विचारलं, ‘‘बाई, तुमचा अनुवाद चुकीचा होता असं तुम्ही स्वतःच लिहून देताय?’’

‘‘होय.’’

‘‘याचे परिणाम तुमच्या कामावर होतील, हे कळतंय ना?’’

‘‘कळतंय. म्हणून तर नोटरी करून आणलंय.’’

कंपनीच्या माणसाने मधे तोंड घातलं. एका शब्दाने काय होतं, आरोपीने कबुली दिलेली आहे, वगैरे. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, ‘‘साहेब, कबुली त्याने माझ्या शब्दाला दिली आहे, तुमच्या फोरमनच्या शब्दाला नाही. फोरमनसाहेब इथेच बसलेत. त्यांनी लिहिलंय की याचं मन दुसरीकडे गुंतलेलं दिसत होतं. हे वाक्य अर्धं आहे. मला प्रश्न विचारायचा अधिकार नाही, पण तुम्हाला आहे. विचारा त्यांना, कशात?’’

अधिकाऱ्यांनी फोरमनकडे पाहिलं आणि तेच विचारलं. मला वाटलं, हा आता हात झटकणार. पण तो माणूस सरळ निघाला. म्हणाला, ‘‘ऊपर देख रहा था, साहब. ड्रम की तरफ़. कान लगाके.’’ पुढे आपणच म्हणाला, ‘‘मैंने सोचा नहीं कि ये बात लिखनी थी.’’ अधिकाऱ्यांनी लगेच शिफ्टची वही मागवली. तिच्यात तिन्ही नोंदी होत्या, दिनकरच्या वेड्यावाकड्या अक्षरांत. त्याला नवा जवाब द्यायची परवानगी मिळाली.

उठता उठता अधिकारी मला म्हणाले, ‘‘हा शब्द तुम्ही आणखी किती कागदांत असाच लिहिलाय?’’ मी म्हटलं, माहीत नाही. त्या एका उत्तराची मला आजही शरम वाटते. पुढचे दोन महिने शकीलभाई आणि मी जुन्या प्रती काढून बसलो होतो. ज्यांचे पत्ते लागले त्यांना पत्रं पाठवली. थोड्यांची उत्तरं आली. एका बाईंनी लिहिलं, डॉक्टरांचा तो रिपोर्ट ज्यांचा होता ते आता नाहीत. ते पत्र मी फाइलला लावलंय. आणि हो, या सगळ्याने काम कमी झालं नाही, उलट वकील मंडळी हल्ली मुद्दाम माझ्याकडे पाठवतात. का पाठवतात ते त्यांना विचारा, मी स्वतःची तारीफ स्वतः करणार नाही. थोडीशी केलीच म्हणा.

निकालाचा कागद आला तो इंग्रजीतच, तीन पानी. दिनकर आणि सुनंदा सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले. मी कुलूप काढलं, दिवा लावला आणि उभ्या उभ्याच वाचून सांगायला लागले. आरोप सिद्ध झालेला नाही. सस्पेन्शन मागे घेतलं. सोमवारपासून पूर्वीच्याच क्रेनवर पूर्वीच्याच पगारावर रुजू व्हावं. सुनंदा तोंडात पदर धरून रडायला लागली. शकीलभाईंनी बाहेर हाक मारून पोहे-जलेबी सांगितली. मलाही भरून आलं होतं, उगाच चष्मा पुसत बसले.

दिनकर तेवढा तसाच बसून होता. म्हणाला, ‘‘ताई, ब्रेकचं काय लिहिलंय?’’

मी तिन्ही पानं पुन्हा वाचली. मग एकेका ओळीवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली. आरोप, जबान्या, वहीतल्या नोंदी, माझं शपथपत्र, सगळं होतं. ब्रेक तपासला, बदलला, तपासावा, असं एक अक्षर नव्हतं.

‘‘काही नाही लिहिलं,’’ मी म्हटलं.

‘‘शेडमधल्या पोरांना विचारलं मी काल. कुणी हातसुद्धा लावला नाही म्हणतात. दुसरा ऑपरेटर चालवून राहिलाय तशीच.’’ तो उठला. ‘‘मग सोमवारी मी वर चढणार नाही.’’

‘‘अहो!’’ सुनंदा रडता रडता थांबली. ‘‘आत्ता कुठे नोकरी परत मिळाली! पहिल्याच दिवशी नाही म्हणाल तर ते सोडतील का या वेळी?’’

‘‘खाली माणसं असतात गं,’’ तो म्हणाला. एवढंच.

पोहे आले, टेबलावर तसेच राहिले. मी दिनकरला सांगितलं की तोंडी नाही म्हटलं तर पुन्हा दुर्लक्षच ठरेल. नाही म्हणायचं तर कागदावर म्हणा, कारणासकट, आणि त्याची पोच घ्या. त्याने मान हलवली, पण तो बघत होता बायकोकडे. शकीलभाईंनी कॉम्प्युटर सुरू केला होता, बोटं नुसती टेकवून बसले होते.

सुनंदाने डोळे पुसले. पोह्यांची बशी सरकवून टेबलावर जागा केली आणि मला म्हणाली, ‘‘लिहा ताई. इंग्लिशमध्येच लिहा, म्हणजे ते वाचतील. पण या वेळी एकेक शब्द आधी यांना विचारा, आणि मगच लिहा.’’

मी माझी खुर्ची उचलून दिनकरच्या शेजारी नेली आणि विचारलं, ‘‘हं, सांगा. आवाज कसा येतो?’’